शुभ बोल, वेलन

2 फेब्रुवारी 1959, सोमवार. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक या लहानशा गावात तुम्ही पोचलात तेव्हा दिवस कधीच मावळलाय. गावाला ज्याचं नाव, ते तळं गोठून पांढरंफटक पडलंय. माथेरानसाठी घेतलेलं तुमचं जॅकेट इथे केवळ शोभेचं. म्हणून तुम्ही शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या घोळक्यामागून 'सर्फ बॉलरूम'च्या दारात शिरता. तिकीट सव्वा डॉलर.

आत चक्क समुद्रकिनारा आहे. भिंतींवर रंगवलेले माड, फुटणाऱ्या लाटा, आणि वर निळ्या छतावर दिव्यांच्या करामतीने सरकणारे ढग. समुद्र इथून शेकडो मैल दूर. पण बर्फात राहणाऱ्यांना नाचायला किनारा लागतो. हजारावर पोरंपोरी जमलीत. कार्यक्रमाचं नाव 'विंटर डान्स पार्टी'. मोठं आकर्षण म्हणजे काळ्या जाड फ्रेमचा चष्मा लावणारा टेक्ससचा बडी हॉली, वय 22. सोबत कॅलिफोर्नियाचा रिची व्हॅलेन्स, वय 17. 'ला बांबा' नावाचं मेक्सिकन लोकगीत त्याने रॉक अँड रोलमध्ये आणून ठेवलंय. तिसरा जे. पी. रिचर्डसन, मूळचा रेडिओवरचा निवेदक, रंगमंचावरचं नाव 'द बिग बॉपर', वय 28. शिवाय डायन आणि त्याचे बेलमॉन्ट्स.

यातले पहिले तिघे उद्याची सकाळ बघणार नाहीत, हे या दालनात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

ठाऊक असण्याचा त्रास लगेच सुरू होतो. हॉली गिटार घेऊन पुढे येतो, आणि तुम्ही गाणं ऐकायचं सोडून त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधू लागता. हसला तर वाटतं, बिचाऱ्याला कल्पना नाही. गप्प झाला तर वाटतं, आत कुठेतरी चाहूल लागली असेल. प्रत्यक्षात तो दमलाय, एवढंच. ढोलवादकाची जागा रिकामी आहे. कार्ल बंच मिशिगनमधल्या आयर्नवुडच्या इस्पितळात पडून आहे, आणि उरलेले कलाकार आळीपाळीने ड्रमवर बसून वेळ निभावताहेत. पोरांना त्याची फिकीर नाही. ती नाचताहेत.

कार्लला काय झालं, ते बघायला दोन रात्री मागे जावं लागेल. चला.

31 जानेवारीची रात्र संपत आली आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला एका निर्मनुष्य रस्त्यावर बस बंद पडली आहे. बाहेर उणे 30च्या आसपास. इतक्या थंडीत फॅरनहाइट काय न् सेल्सिअस काय, फारसा फरक उरत नाही. बसमधली उष्णतेची सोय आधीच मेलेली. मधल्या वाटेत वर्तमानपत्रं पेटवून माणसं हात शेकताहेत. कार्लने एकावर एक मोजे चढवलेत, तरी पायांना काही कळेनासं झालंय. सकाळी त्याला इस्पितळात नेतील: हिमदंश. दौरा 23 जानेवारीला मिलवॉकीत सुरू झाला. दौरा आखणाऱ्याने नकाशाकडे बघितलेलं दिसत नाही; गावं पुढे-मागे, तिरकी-आडवी, रोज शेकडो मैलांची दौड. बस बंद पडली की दुसरी, तीही तशीच.

या बसमध्ये तुम्ही पंधरा मिनिटं बसा. मरणाच्या भीतीवर घरी बसून केलेलं सगळं चिंतन इथे गळून पडतं. इथे मरण ढगात वगैरे नाही, ते पायाच्या अंगठ्यातून वर चढतंय. कुणी म्हणालं, विमानाने चला, तर पहिला हात तुमचाच वर जाईल.

आता क्लिअर लेकला परत या. मध्यंतरानंतरची वेळ आहे. हॉलीने ठरवून टाकलंय. पुढचा कार्यक्रम उद्याच, मिनेसोटातल्या मूरहेडला. रस्त्याने सुमारे 590 किलोमीटर. त्याऐवजी जवळच्या मेसन सिटीहून छोटं विमान घ्यायचं, मूरहेडला लागून असलेल्या फार्गोला उतरायचं, गरम खोलीत झोपायचं आणि मळके कपडे धुवायला टाकायचे. माणशी 36 डॉलर, म्हणजे आजच्या कार्यक्रमाची जवळपास एकोणतीस तिकिटं. विमान बीचक्राफ्ट बोनान्झा, एका इंजिनाचं, चार आसनांचं. एक वैमानिकाचं, उरली तीन. ती हॉली आणि त्याच्या साथीदारांसाठी: बास वाजवणारा वेलन जेनिंग्ज आणि गिटारवाला टॉमी ऑलसप.

यादी बघितलीत? यात रिचीही नाही, रिचर्डसनही नाही.

रिचर्डसन फ्लूने फणफणलाय. आडव्या बांध्याच्या माणसाला त्या बसच्या आसनात नीट बसताही येत नाही, झोप तर लांबच. तो वेलनकडे जागा मागतो आणि वेलन देऊन टाकतो. वेलन 21 वर्षांचा आहे, त्याला काय, बसमध्येही झोप लागेल. यात ना त्याग ना नियती. आजारी माणसाला आपण लोकलमध्ये खिडकी देतो, तितकं साधं.

रिचीची गोष्ट मात्र साधी नाही. त्याला विमानाची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. त्यासाठी आणखी मागे, 31 जानेवारी 1957 ला जावं लागेल.

लॉस एंजेलिसजवळचं पकोइमा. स्वच्छ ऊन पडलेली सकाळ. वर चाचणीसाठी उडालेलं डग्लस कंपनीचं डीसी-7 आणि हवाई दलाचं एफ-89 लढाऊ विमान एकमेकांवर आदळतात. डीसी-7चे तुकडे एका चर्चवर आणि पकोइमा ज्युनियर हायस्कूलच्या मैदानावर कोसळतात, आणि मैदानात त्या वेळी मुलं आहेत. तीन विद्यार्थी जातात, विमानांतली पाच माणसं जातात, कितीतरी मुलं जखमी होतात. ही रिचीची शाळा. तो आज शाळेत नाही, कारण आजोबांच्या अंत्यविधीला गेलाय.

आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. म्हणणाऱ्याला बरं वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलाला वाटत नाही. त्याला रात्री ती विमानं दिसत राहतात. गाणी गाजायला लागल्यावर विमानाने जावं लागतं तेव्हा तो जातो, पण जीव मुठीत धरून.

आणि तोच रिची आज क्लिअर लेकमध्ये ऑलसपच्या मागे लागलाय. तुझी जागा मला दे. ऑलसप नाही म्हणतो. हा पुन्हा विचारतो. शेवटी नाणेफेक ठरते. नाणं नेमकं कुणी उडवलं यावर पुढे वाद होतील. नाणं उडालं, एवढं निश्चित. रिची छापा मागतो. छापा पडतो. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जिंकलो, असं तो म्हणतो.

तुम्ही चार हातांवर उभे आहात. आत्ता ओरडायला हवं. पण ओरडणार काय? विमानात बसू नकोस? ते त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. त्याने विमानाची भीती बाजूला ठेवलीय ती शौर्य म्हणून नव्हे; बसची थंडी त्या भीतीहून जवळ आली म्हणून. माणसाची भीती अशीच वागते. जे घडून गेलंय त्याच्या दारावर ती डोळ्यांत तेल घालून पहारा देते, आणि थंडी वाजली की पहारा सोडून शेकोटीकडे जाते.

निघण्याच्या गडबडीत ऑलसप आपलं पाकीट हॉलीकडे देतो. तिकडच्या टपाल कचेरीत त्याच्या नावाचं पत्र यायचंय, ते घेऊन ठेव म्हणून. उद्या अवशेषांत ते पाकीट सापडेल आणि काही तास ऑलसपही मेल्यांच्या यादीत जाऊन बसेल.

मग होते ती थट्टा. वेलनने जागा सोडल्याचं हॉलीला कळलंय. तो हसत हसत म्हणतो, तुमची ती खटारा बस पुन्हा गोठून पडो. वेलन तेवढ्याच सहज उलटून म्हणतो, आणि तुमचं विमान पडो. दोघं मित्र आहेत. वेलनची पहिली रेकॉर्ड हॉलीनेच करून घेतलीय, बास हातात दिला तोही त्यानेच. या वाक्यांत विष सोडाच, मीठही नाही.

पण तुम्ही मराठी घरात वाढलेले आहात. तुमच्या कानात आजी बोलते: शुभ बोल रे नाऱ्या. तिन्हीसांजेला भलतंसलतं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. टेक्ससच्या वेलनला ही आजी भेटलेली नाही, तरी तीच समजूत उद्यापासून त्याच्या मानेवर बसेल. आपण बोललो म्हणून झालं, असं त्याला कितीतरी वर्षं वाटत राहील. पुढे तो कंट्री संगीतातला मोठा तारा होईल आणि हे स्वतःच सांगेल.

मध्यरात्र उलटली. बॉलरूमचा व्यवस्थापक तिघांना आपल्या गाडीतून मेसन सिटीच्या विमानतळावर सोडतो. तुम्हीही मागोमाग जा. मात्र तिघांभोवती घुटमळू नका. त्यांची बाजू सांगून झाली. वैमानिकाकडे बघा.

रॉजर पीटरसन. वय 21, काही महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. 711 तासांचं उड्डाण गाठीशी, त्यातले 128 याच जातीच्या विमानात. पोरगा नवखा नाही. मात्र त्याचा परवाना डोळ्यांनी बघून उडवण्याचा आहे. बाहेर काहीच दिसत नसताना केवळ यंत्रांवर विसंबून उडवण्याचा परवाना वेगळा असतो. त्याची चाचणी त्याने दिलीय, पण तो उत्तीर्ण झालेला नाही.

संध्याकाळपासून त्याने हवामानाची चौकशी एकदा नव्हे, अनेकदा केलीय. दरवेळी ढग वर आहेत, दृष्टिपल्ला ठीक आहे, असंच उत्तर मिळालं. शेवटच्या वेळी मात्र ढगांचा थर खाली उतरलेला, बारीक बर्फ भुरभुरायला लागलेलं, वाऱ्याचे झोत वाढलेले. आणि एक गोष्ट त्याच्यापर्यंत आलीच नाही. रात्री 11:35 वाजता एक तातडीची सूचना निघाली होती: वायव्येकडून सुमारे 100 मैल रुंदीचा बर्फाचा पट्टा सरकतोय, त्यात फार लांबचं दिसणार नाही. म्हणजे हे विमान जिकडे निघालंय नेमका तिकडूनच. सव्वाबाराला दुसरी सूचना निघाली. कचेरीत त्या आल्या, कचेरीतच राहिल्या. त्याला त्या कुणी सांगितल्या नाहीत.

ओरडायचंच असेल तर जागा ही आहे. नाणं उडालं तिथे नाही, थट्टा झाली तिथेही नाही. पण इकडे गर्दी नाही, गाणं नाही. एक कंटाळवाणा कागद आहे, आणि अशा कागदाशेजारी उभं राहायला भूतकाळातसुद्धा कुणी येत नाही.

12:55च्या सुमारास बोनान्झा धावपट्टी सोडतं. हॉली पुढे, वैमानिकाशेजारी. रिची आणि रिचर्डसन मागे. तुम्ही मागच्या दोघांच्या मध्ये कसेबसे अंग चोरून बसलात.

दिवे मागे पडतात. मग काहीच उरत नाही. चंद्र नाही, चांदणी नाही. खाली बर्फाने झाकलेली शेतं, वर बर्फाने भरलेले ढग, मध्ये काचेवर येणारं बर्फ. आकाश कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते डोळ्यांना सांगता येत नाही. मग शरीर कानाला विचारतं. कानात खोल आत तोल सांभाळणारी नळ्यांची रचना असते, ती वळण सुरू झालेलं आणि संपलेलं ओळखते. सावकाश, एकसारखं चाललेलं वळण मात्र तिला कळतच नाही. जत्रेतल्या चक्रात डोळे मिटून बसा: थोड्या वेळाने वाटतं चक्र थांबलं, आणि खरोखर थांबतं तेव्हा वाटतं उलटं फिरायला लागलं. तुम्हाला आत्ता विमान अगदी सरळ चाललंय असं वाटतंय. मागच्या दोघांनाही तसंच वाटत असणार. यात भीती वाटण्यासारखं काही नाही, आणि भीतीचा निरुपयोग याहून उघड कुठे दिसणार नाही. ती यायला हवी त्या क्षणी येतच नाही.

अशा वेळी आधार एकच, समोरची यंत्रं. त्यात एक गोल तबकडी आहे, विमानाचं नाक वर आहे की खाली ते दाखवणारी, स्पेरी कंपनीची एफ-3. पीटरसन शिकला त्या नेहमीच्या यंत्रात ज्या खुणेचा अर्थ नाक वर, तिचाच अर्थ इथे नाक खाली. डोळ्यांना बाहेर काही दिसत असताना हा फरक किरकोळ. आत्ता तो जीवनमरणाचा.

पुढचं तुम्ही आतून बघायची गरज नाही. विमानतळावर परत या. विमानांचा मालक जेरी ड्वायर बाहेर उभा राहून बघतोय. शेपटीचा पांढरा दिवा दूर जातो आणि हळूहळू खाली उतरत दिसेनासा होतो. रेडिओवर हाका मारल्या जातात. उत्तर नाही. सकाळी तो स्वतः दुसरं विमान काढून त्याच वाटेने निघतो, आणि साडेनवाच्या पुढे त्याला एका मक्याच्या शेतात, काटेरी तारेच्या कुंपणाला टेकलेला धातूचा चेंडू दिसतो. विमानतळापासून जेमतेम दहा किलोमीटर. चौघांपैकी कुणी वाचलेलं नाही.

तुम्ही एकाच गोष्टीकडे नीट बघा. उंची किती वेगाने वाढते वा घटते ते दाखवणारा काटा एका जागी अडकून बसलाय: मिनिटाला 3,000 फूट, खाली. वेगाचा काटा ताशी 170 मैलांच्या जवळ. म्हणजे इंजिन चालू होतं, विमान धडधाकट होतं, आणि ते पूर्ण वेगात जमिनीत शिरलं. बहुधा आपण वर चढतोय अशाच समजुतीत.

न्यूयॉर्कमध्ये हॉलीची पत्नी मारिया एलेना गरोदर आहे. लग्नाला सहा महिनेही झालेले नाहीत. तिला ही बातमी दूरचित्रवाणीवरून कळते. पुढे तिचा गर्भही राहत नाही. हॉलीचा चष्मा वसंतात बर्फ वितळल्यावर सापडतो, लिफाफ्यात घालून न्यायालयाच्या इमारतीत ठेवला जातो आणि 1980 साली कुणीतरी तो लिफाफा उघडेपर्यंत तिथेच पडून राहतो.

तेवढ्या वर्षांत लोकांनी दुसऱ्याच वस्तू जमवल्या. नाणं. थट्टा. हॉलीच्या शेवटच्या गाण्यांच्या नावांतून निघणारे संकेत. पकोइमाचा अपघात 31 जानेवारीचा आणि बस बंद पडली तीही 31 जानेवारीची रात्र, मग तारखांची जुळवाजुळव. 1971 मध्ये डॉन मॅक्लीनच्या 'अमेरिकन पाय'ने त्या रात्रीची दंतकथा केली. एडी कॉक्रन या हॉलीच्या मित्राने तिघांसाठी एक गीत ध्वनिमुद्रित केलं, आणि 1960 मध्ये इंग्लंडात टॅक्सीच्या अपघातात तो गेला. तेव्हा लोकांनी त्याचंही नाव माळेत ओवून टाकलं.

चौकशी मंडळाचा अहवाल मात्र सप्टेंबर 1959 मध्येच येऊन गेला होता. तो किती कमी लोकांनी मनावर घेतला, ते बघायला थोडं पुढे चला. 5 मार्च 1963: गायिका पॅट्सी क्लाइन, टेनेसीतलं कॅम्डेन, छोटं विमान, खराब हवा, यंत्रांवर उडवण्याचा परवाना नसलेला वैमानिक. 31 जुलै 1964: जिम रीव्ह्ज, नॅशव्हिलजवळ, छोटं विमान, वादळी पाऊस, सुकाणू त्याच्याच हाती, आणि दिशाभान हरपलेलं. अपघात तोच. पॅट्सीला मरणाची चाहूल आधी लागली होती, हे सांगणारे आजही पुष्कळ भेटतात. हवा काय होती, हे सांगणारे कमी.

होणारं टळत नाही, असं आपण सुस्कारा सोडून म्हणतो. मरणाला भिणाऱ्या माणसाला हे वाक्य सोयीचं पडतं, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही. मेसन सिटीचं होणारं टळण्यासारखं होतं. एका सूचनेचा कागद दहा पावलं पुढे गेला असता तर, किंवा 'आज नको, सकाळी बघू' असं एकवीस वर्षांच्या पोराला तीन नामवंत गिऱ्हाइकांसमोर म्हणता आलं असतं तर. तुमचं विमान धुक्यामुळे तीन तास अडकतं आणि रांगेतले प्रवासी कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा असाच कुणीतरी 'आज नको' म्हणालेला असतो.

प्रवासातला शेवटचा मुक्काम राहिलाय. 3 फेब्रुवारीची रात्र, मूरहेड. कार्यक्रम रद्द झालेला नाही. आयोजकांनी स्थानिक कलाकारांसाठी आवाहन केलं, आणि फार्गोतली शाळकरी पोरांची एक टोळी आली. त्यांचा गायक पंधरा वर्षांचा बॉबी व्ही. मोठा होऊन तोही प्रसिद्ध होईल. आज तो थरथरत का होईना, गातोय. वेलनलाही हॉलीच्या जागी गावं लागतंय.

गाणं संपवून वेलन पडद्याआड येतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. कालचं आपलं वाक्य तो पुन्हा पुन्हा आठवतोय, ते तोंडावरच दिसतं. भूतकाळात कुणाला वाचवता येत नाही. एखाद्याजवळ जाऊन बोलायला कोण अडवतंय? शेजारी जा. सांगा त्याला: सप्टेंबरात अहवाल येईल, तो मिळव आणि शेवटपर्यंत वाच. त्यात ढग आहेत, बर्फ आहे, उलटी वाचली गेलेली तबकडी आहे, कचेरीत राहून गेलेल्या दोन सूचना आहेत. तुझी थट्टा कुठेच नाही.